सेकंडहँड साउंड घेण्याआधी शेवटची रांग मोजा

गणपती-नवरात्राचा हंगाम आटोपला की ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत, तुर्भ्यात जुने साउंड सेट विकायला निघतात. दोन टॉप (मधला-वरचा आवाज देणारे बॉक्स), दोन बास (खालचा आवाज देणारे), एक अ‍ॅम्प, मिक्सर, चार-सहा माईक आणि गोणीत कोंबलेल्या केबल, सगळा संसार एका टेम्पोत मावतो. विकणारा गाळ्यात एक गाणं लावतो, शटर थरथरतं, आणि सौदा ठरतो. त्या थरथरण्यावरून काहीही कळत नाही. दहा बाय पंधराच्या बंद गाळ्यात कुठलाही बॉक्स दणकट वाजतो, कारण खालचा आवाज भिंतींवर आपटून फुगतो. कार्यक्रम मात्र सोसायटीच्या अंगणात, मैदानात नाहीतर नाट्यगृहात व्हायचा असतो. म्हणून पहिलं काम गाळ्यात नाही, तर जिथे सेट लावायचा आहे तिथे, हातात टेप घेऊन.

आधी जागा, मग बॉक्स

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचं अंगण धरा. स्टेजपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत २४ मीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, म्हणजे बॉक्ससमोर १ मीटरवर जे असेल त्यातले साधारण २८ डेसिबल २४ मीटरवर जाईपर्यंत संपतात.

आता बॉक्सच्या मागचं लेबल वाचा. संवेदनशीलता (१ वॉटला १ मीटरवर) ९७ डेसिबल आणि कंटिन्युअस पॉवर ४०० वॉट असेल तर ४०० वॉटचे २६ डेसिबल त्यात मिळवायचे: १२३. त्यातून २८ गेले, उरले ९५. गाण्यातल्या चढ-उतारासाठी १० डेसिबल राखून ठेवा, म्हणजे शेवटच्या रांगेत सरासरी ८५ मिळेल. व्हॉइस कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) तापली की तासाभरात त्यातले आणखी ३ गळतात. या हिशेबाला पाच मिनिटं लागतात आणि निम्मे सौदे इथेच निकालात निघतात.

लेबलवर १२३ च्या जागी १२९ डेसिबल लिहिलेलं असेल तर तोही खोटा आकडा नव्हे. पीक पॉवर कंटिन्युअसच्या चौपट, १६०० वॉट, धरून तो काढलेला असतो आणि चौपट पॉवर म्हणजे ६ डेसिबल. दोन बॉक्सची तुलना करताना दोन्हींचे कंटिन्युअस आकडेच समोरासमोर ठेवा. पीएमपीओ (जाहिरातीसाठी फुगवलेले वॉट) लिहिलेला आकडा वाचूच नका.

मग जास्त मोठा बॉक्स घ्यावा का? इथे कायदा आडवा येतो, आणि तो बरा आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या मर्यादेहून १० ने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे मंडळाच्या मंडपाच्या हद्दीवर दिवसा ६५. खासगी जागेच्या हद्दीवर सूट फक्त ५ ची. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राज्य सरकारने मध्यरात्रीपर्यंत मुभा दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

शेवटच्या रांगेत भाषण नीट कळायला साधारण ७६ हवेत. स्टेजवरच्या दोनच बॉक्समधून ते द्यायचे तर ३ मीटरवर बसलेल्या आजोबांना ९४ सोसावे लागतात आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडच्या इमारतीतून फोन सुरू होतात. त्याऐवजी चार मध्यम बॉक्स घ्या. दोन स्टेजशी, दोन १५ मीटर पुढे, सगळे उंच स्टँडवर आणि तोंड खाली, खुर्च्यांकडे. स्टेजजवळच्या दोघांना १५ आणि पुढच्या दोघांना ९ मीटरच भागवायचे असतात, त्यामुळे सगळ्यांना सारखं ऐकू येतं आणि भिंतीपर्यंत आवाज विझत जातो. ठाणे-नवी मुंबईच्या दाट वस्तीत काम करायचं तर दोन राक्षसी टॉपपेक्षा चार सारखे मध्यम टॉप जास्त कार्यक्रम मिळवून देतात. हा सेट नाट्यगृहातही उपयोगी पडतो, बाल्कनीखालच्या अंधाऱ्या रांगांसाठी.

पिशवीत काय न्यायचं

मल्टिमीटर, दीड व्होल्टचा सेल, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, खात्रीच्या दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माईकच्या) केबल, एक खात्रीचा माईक, बंद कपांचा हेडफोन, १५० ओहमचा रेझिस्टर पिन २ आणि ३ मध्ये टाकलेला एक एक्सएलआर प्लग. पेनड्राइव्हवर पिंक नॉइझ (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेली एकसारखी फुसफुस), २० हर्ट्झपासून २० हजारपर्यंत सावकाश चढणारा साइन स्वीप, आणि तुम्हाला पाठ असलेली तीनच रेकॉर्डिंग: एक नुसता बोलण्याचा आवाज, एक तबला-पेटीची बैठक, एक भरगच्च वाद्यवृंद. दर वेळी तीच तीन. विकणाऱ्याचं गाणं ऐकायचं नाही, ते त्या बॉक्सवर चांगलं वाजतं म्हणूनच त्याने निवडलेलं असतं.

बॉक्सची तपासणी

वीज लावण्याआधी बघा. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि खाडीकाठच्या गाळ्यांत खारी हवा. लाकडी बॉक्सचा खालचा कोपरा नखाने दाबा. प्लाय फुगून भुसभुशीत झाली असेल तर तो बॉक्स कधीतरी पाण्यात उभा होता. जाळीमागे टॉर्च मारा. कागदी कोनवर पांढरट बुरशी, कडेच्या घडीला चीर, मधल्या टोपीभोवती नवा चकाकता गोंद दिसतो का? नवा गोंद म्हणजे रिकोन केलेला, म्हणजे नवा कोन बसवलेला स्पीकर. रिकोन करणं गुन्हा नाही, पण जोडीतल्या एकालाच केलं असेल तर दोघांचा आवाज जुळेलच असं नाही. स्पीकॉन सॉकेटच्या (स्पीकर केबल लावायच्या गोल सॉकेटच्या) आत हिरवट थर असेल तर किंमत पाडायला हरकत नाही, सौदा मोडण्याचं कारण नाही.

मग जाळी काढून दोन्ही तळहातांनी कोन सारख्या दाबाने पाव इंच आत ढकला. बोटांना खरखर जाणवली तर कॉइल मॅग्नेटला घासतेय. इथेच थांबा.

ड्रायव्हरच्या (बॉक्सच्या आतल्या स्पीकरच्या) वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ओहममीटरवर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. हा डीसी रेझिस्टन्स, तो लिहिलेल्या ओहमपेक्षा कमीच असायचा. ८ च्या जागी ३ दिसले तर कॉइलचे वेढे चिकटले आहेत, काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली आहे. वरच्या पट्टीचा आवाज देणाऱ्या कॉम्प्रेशन ड्रायव्हरचंही असंच, पण त्याची वायर सोडवूनच मोजा; क्रॉसओव्हरमधला (वरचा-खालचा आवाज वेगळा करणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर मध्ये असला की मीटर काही दाखवत नाही आणि चांगला ड्रायव्हर उगाच बाद ठरतो.

सेलचं पॉझिटिव्ह टोक स्पीकॉनच्या १+ ला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला पाहिजे, दोन्ही बॉक्समध्ये सारखाच. एक बाहेर, एक आत गेला तर कुणीतरी दुरुस्तीत वायर उलटी जोडली आहे. (जुन्या जेबीएल प्रो ड्रायव्हरमध्ये मुळातच उलटी पद्धत होती, तिथे गोंधळू नका.) दोन बास एकमेकांच्या उलट वाजले की मध्यभागी बसलेल्याला बास ऐकूच येत नाही, आणि ऑपरेटर बिचारा इक्वलायझर फिरवत बसतो.

आता वाजवा, पण हळू. स्वीप ३० ते ३०० हर्ट्झपर्यंत बोलण्याच्या आवाजात सोडा. मोठ्या आवाजात दोष झाकले जातात. कुठे ‘खर्रर्र’ आलं तर त्या आकड्यावर थांबून हात ठेवत जा: जाळीवर हात ठेवल्यावर थांबलं तर जाळी सैल, हँडलजवळ ‘फुस्स’ येत असेल तर हवा गळतेय, कशानेच थांबलं नाही तर कोन. वरच्या पट्टीत १ हजार ते ४ हजारच्या मध्ये तंतुवाद्याची तार पत्र्याला लागल्यासारखी झिणझिण आली तर कॉम्प्रेशन ड्रायव्हरच्या डायफ्रॅमला (आतल्या पातळ पडद्याला) चीर आहे. डायफ्रॅम बदलता येतो, मात्र त्या मॉडेलचा मूळ डायफ्रॅम अजून मिळतो का, हे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन फोन करून आधी विचारा आणि मगच किंमत बोला.

जोडी तपासायची सगळ्यात चांगली रीत: दोन्ही बॉक्स शेजारी-शेजारी ठेवून मोनो पिंक नॉइझ लावा आणि एकातून दुसऱ्यात बदलत राहा. आवाज एकच वाटला पाहिजे. एक ‘स्स्स’ आणि एक ‘श्श्श’ वाटला तर वरचे ड्रायव्हर वेगळे आहेत किंवा एक थकला आहे.

दोन वेगळ्या कंपन्यांचे बॉक्स तोलताना मात्र आधी पातळी जुळवा. १ डेसिबलने मोठा वाजणारा बॉक्स कानाला हमखास ‘जास्त स्वच्छ’ वाटतो. फोनमधलं डेसिबल ॲप अचूक नसलं तरी फरक दाखवायला पुरतं: फोन दोन मीटरवर एकाच जागी ठेवा, पिंक नॉइझवर दोघांचा आकडा अर्ध्या डेसिबलच्या आत आणा, आणि तेव्हाच आपली तीन रेकॉर्डिंग लावा. समोर ऐकून झालं की ४५ अंशांवर जाऊन बोलण्याचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. खुर्च्यांची पहिली बाजूची रांग तिथेच असते. तिथे ‘स’ आणि ‘त’ विरले तर त्या बॉक्सचा पसारा अरुंद आहे.

ॲक्टिव्ह बॉक्स (आतच अ‍ॅम्प असलेला) असेल तर इनपुट काढून कान एक फुटावर न्या. हलकी फुसफुस चालते, ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण चालत नाही. गेनचा नॉब फिरवताना खरखरतो का बघा. मग निम्म्या आवाजात चाळीस मिनिटं वाजू द्या आणि चहा प्यायला जाऊ नका. पंखा सुरू होतो का, वास येतो का, लिमिटचा दिवा उगाच लुकलुकतो का, हे त्याच चाळीस मिनिटांत कळतं.

केबल, माईक, मिक्सर

गोणीतल्या केबल फुकट मिळाल्या असं समजा आणि प्रत्येक एक्सएलआर उघडून बघा. पिन १ केबलच्या आतल्या जाळीला, २ हॉट, ३ कोल्ड. स्पीकर केबल मोजायची ती जाडीने. ३० मीटरची २.५ चौरस मिलिमीटरची केबल जाऊन-येऊन सुमारे ०.४४ ओहम होते. ४ ओहमच्या लोडवर जवळपास १ डेसिबल तिथेच गेला. १.५ ची केबल वापरली तर दीड. आणि एका अ‍ॅम्प चॅनलवर ८ ओहमचे दोन बॉक्स म्हणजे ४ ओहम. तिसरा जोडला की २.७, आणि अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो, तेही बहुधा पाहुण्यांच्या भाषणात.

शुअर एसएम५८ च्या नकला बाजारात ढिगाने आहेत. खरा माईक २९८ ग्रॅमचा. किराणा दुकानाचा काटाही चालेल. हातात लक्षणीय हलका लागला की शंका घ्या. मग आपल्या खात्रीच्या माईकशेजारी धरून, गेन तेवढाच ठेवून, एकाच अंतरावरून बोला. नकली माईक बहुधा वरच्या पट्टीत टोचतो आणि हात बदलला तरी ढपढप ऐकू येते. माईक हलवून केबल वाकवा. आवाज तुटला तर कनेक्टर. जाळीच्या आतला फोम काढून वास घ्या, नवा फोम टाकायचा खर्च किरकोळ आहे.

वायरलेस सेट घेताना मागची फ्रीक्वेन्सी वाचल्याशिवाय पैसे काढू नका. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइलचा आहे. २०२२ च्या लिलावात जिओने त्यातला एक भाग देशभर घेतला. त्या पट्ट्यातला जुना सेट रिकाम्या हॉलमध्ये छान चालतो आणि लोक खिशात फोन घेऊन आले की तुटायला लागतो. स्वस्तात मिळतो तो याचमुळे. २.४ गिगाहर्ट्झवाल्यांना वाय-फाय आणि ब्लूटूथच्या गर्दीत वाट काढावी लागते. छोट्या बैठकीला ठीक, मैदानाला नको. कुठलाही सेट असो, रिसीव्हर स्टेजच्या बाजूला, अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर, आणि माईक हातात घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत चालत जा.

मिक्सरवर प्रत्येक चॅनल, प्रत्येक ऑक्स (मॉनिटरसाठी वेगळा आवाज पाठवणारा नॉब), प्रत्येक फेडर हलवून बघायलाच हवा, त्याला शॉर्टकट नाही. तो १५० ओहमचा प्लग एकेका चॅनलला लावून गेन पूर्ण उघडा आणि हेडफोनवर ऐका. सगळ्या चॅनलची फुसफुस सारखी हवी. एखादा वेगळा, चटचट करणारा निघाला तर तो प्रीअ‍ॅम्प जायच्या वाटेवर आहे. फँटम (मिक्सरमधून माईकला जाणारी वीज) चालू करून पिन १-२ आणि १-३ मध्ये व्होल्ट मोजा: ४४ ते ५२ च्या मध्ये आणि दोन्ही सारखे. डिजिटल मिक्सर असेल तर सीन (साठवून ठेवलेली सेटिंग) लोड करून मेनचा स्विच खटकन बंद करा, पुन्हा सुरू करा, किती सेकंदांत आवाज परत येतो ते घड्याळावर बघा. तो आकडा पाहिला की छोटा यूपीएस आपणहून यादीत येतो. टॅबवरून चालणाऱ्या मिक्सरला ५ गिगाहर्ट्झचा वेगळा राउटर जोडा, आतल्या २.४ च्या वाय-फायवर भरवसा ठेवून कार्यक्रम घेऊ नये.

पहिला कार्यक्रम: सोसायटीतलं भजन

आधी वीज. मीटर लावून फेज-न्यूट्रल २२० ते २४० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-न्यूट्रल २६०-२८० दिसले किंवा दिवे लागताच आकडा नाचला तर न्यूट्रल सैल आहे. तो पूर्ण सुटला तर एखाद्या फेजवर ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊन सेट जळतो. वायरमनला हाक मारा आणि तोवर एकही प्लग लावू नका. मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच फेजवर, लाइटिंगचे डिमर दुसऱ्यावर. हमिंग आलं म्हणून अर्थची पिन कापण्याची रीत अजूनही दिसते. ओल्या मांडवात, घामेजल्या हातात धातूचा माईक असताना ती जिवावर बेतते. हमिंग लॅपटॉपमधून येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स लावा, काम होतं.

१५ मीटर पुढे लावलेल्या दोन बॉक्सना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडा. ३० अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो. १५ मीटरला ४३ मिलिसेकंद, त्यात १० मिळवून ५३. हे १० घातले की श्रोत्याला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं, डोक्यावरच्या बॉक्समधून नाही.

माईक जितके कमी तितकं बरं. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. आठ माईक म्हणजे ९ डेसिबल हातचे गेले. टाळांना माईक लागत नाही, ते सगळ्या माईकमध्ये येतातच. टाळकऱ्यांना गायकांच्या माईकच्या पाठीमागच्या बाजूला बसवा. पेटीला एक माईक, वरून फूटभर, भात्याच्या बाजूला नाही, नाहीतर भाता ओढण्याचा श्वास ऐकू येतो. तबल्याला चाटेपासून १५ सेंटीमीटर वर, डग्ग्याला तेवढाच; गायकांच्या चॅनलवर १०० हर्ट्झचा लो-कट, डग्ग्यावर नको. मुख्य बुवा माईक फूटभर लांब धरतात. तो अर्धा फुटावर आणा म्हणून विनंती केली तर ६ डेसिबल फुकट मिळतात, आणि ही विनंती कार्यक्रमाआधी, चहाच्या वेळी केलेली बरी.

मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा बॉक्स) कुठे ठेवायचा ते माईकवर ठरतं. कार्डिओइड माईक बरोबर पाठीमागे बहिरा असतो, म्हणून मॉनिटर समोर. सुपरकार्डिओइड १२६ अंशांच्या आसपास बहिरा, म्हणून मॉनिटर थोडे बाजूला. सगळे माईक उघडे ठेवून मास्टर हळूहळू चढवा. पहिली शिट्टी आली ती पट्टी ३१ बँडच्या इक्वलायझरवर ३ डेसिबल खाली. दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीनंतर इक्वलायझरला हात लावू नका, माईक किंवा मॉनिटर हलवा. त्यापुढे कापत गेलं की बुवांचा आवाज रेडिओतून आल्यासारखा होतो. शेवटी मास्टर ६ डेसिबल खाली घ्या. खुर्च्या भरल्या, पंखे सुरू झाले, बुवा रंगात येऊन माईकपासून लांब गेले, की तेवढे ६ लागतात.

उतरवताना केबल कोपरावर गुंडाळू नका, आतली जाळी पिळून तुटते. पावसात काम झालं असेल तर कनेक्टर रात्रीच कोरड्या फडक्याने पुसून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि दुसऱ्या दिवशी झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा.